गर्भाच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी: बायकांशी बोलायला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

पहिल्या सभेनंतर मी खूश होते. चाळीसेक बायका जमल्या होत्या. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, माना डोलावल्या, जाताना दोघींनी हात धरून "बरं झालं सांगितलंत" म्हटलं. पुढच्या आठवड्यात तपासणीला आल्या तिघी. त्यातली एक माझी मैत्रीण, ती माझ्या भिडेखातर आलेली.

नंतर एकेकीशी बोलले तेव्हा उलगडा झाला. गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर कशाने होतो हे मी छान समजावलं होतं. पण तपासणी करणारी बाई असेल की पुरुष, कपडे किती काढायचे, दुखतं का, घरी काय सांगायचं आणि काही निघालंच तर पुढे काय, यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं. बायकांच्या डोक्यात मात्र तेवढंच होतं. हे काम नव्याने करणाऱ्यांनी माझ्यासारखी सुरुवात करू नये, म्हणून हे लिहिते आहे.

आधी स्वतःला पक्कं करा

बोलायला जाण्याआधी काही गोष्टी कागद न बघता सांगता आल्या पाहिजेत.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. या विषाणूचे प्रकार खूप आहेत. त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकारच जगातल्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी याचा संसर्ग होतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो. मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर ५ ते १० वर्षांतही होऊ शकतो.

हा आजार इतका सावकाश चालतो म्हणूनच तपासणीला अर्थ आहे. पेशी बदलल्या आहेत पण कॅन्सर झालेला नाही, अशा टप्प्यावर तो भाग उष्णतेने जाळून किंवा थंडाव्याने गोठवून टाकता येतो, नाहीतर विजेच्या बारीक तारेने काढता येतो. बहुतेकदा त्याच दिवशी बाई घरी जाते. म्हणजे आपण नुसतं "कॅन्सर लवकर सापडतो" असं सांगत नाही, तो व्हायच्या आधीच अडवता येतो असं सांगतो. बायकांना हा फरक नीट कळला की त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. आणि तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि साडेतीन लाखांच्या आसपास बायका त्याने गेल्या.

तपासणीच्या तीन पद्धती तुमच्या कानावर येतील. पॅप स्मिअरमध्ये पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या नावावरून तिला पॅप म्हणतात, आणि १९४० च्या दशकापासून ती चालत आली आहे. दुसरी व्हीआयए. यात ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे पातळ व्हिनेगरच, पिशवीच्या तोंडावर लावून मिनिटभर थांबतात. बदललेला भाग पांढरा दिसतो आणि निकाल जागच्या जागी कळतो. तिसरी एचपीव्हीची तपासणी, जी थेट विषाणूच शोधते. जागतिक आरोग्य संघटनेचा कल आता हिच्याकडे आहे. तिचा सल्ला असा: वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणी, आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी पंचविशीपासून दर ३ ते ५ वर्षांनी. तुमच्या भागात जो कार्यक्रम चालतो त्याची वयं आणि अंतरं वेगळी असू शकतात. बायकांना सांगताना तीच सांगा. दोन ठिकाणी दोन आकडे ऐकले की बाई दोन्ही सोडून देते.

"एकदा करून काय फरक पडणार?" असं कुणी विचारलं तर २००९ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगत जा. त्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रिया होत्या. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी मिळाली, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू तपासणी न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते.

ती खोली स्वतः बघून या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. जिथे बायकांना पाठवणार तिथे एकदा तरी जा. तपासणी कोणत्या वारी असते, बाई तपासते की पुरुष, पडदा आहे का, कपडे ठेवायला जागा आहे का, किती वेळ ताटकळावं लागतं, निकाल कधी आणि कुणामार्फत मिळतो, उपचार तिथेच होतात की दुसरीकडे पाठवतात, हे सगळं वहीत लिहून आणा. निकालानंतर उपचाराची सोय कुठे आहे हेच ठरलेलं नसेल तर बायकांना बोलवायची घाई करू नका. आधी ते ठरवून घ्या.

तपासणीच्या वयात बसत असाल तर स्वतःची करून घ्या. माझी केली तेव्हा थंड स्पेक्युलमपेक्षा (योनीमार्ग उघडा धरायचं चोचीसारखं साधन) मला जास्त छळलं ते दाराने. टेबल असं ठेवलेलं की पाय नेमके दाराकडे, आणि दाराला आतून कडी नाही. पाचेक मिनिटं मी त्या दाराकडेच बघत होते. बाहेर आल्यावर तिथल्या सिस्टरना सांगितलं, त्यांनी टेबल फिरवलं आणि मध्ये पडदा लावला. त्यांनाही ते कधी खटकलं नव्हतं, कारण त्या कधी त्या टेबलावर झोपल्याच नव्हत्या.

कुणाकडे जायचं

सभेला आपणहून येणाऱ्या बायका बऱ्याचदा आधीच जागरूक असतात. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्या मागच्या रांगेतसुद्धा नसतात. पंचेचाळिशी गाठली तरी एकदाही तपासणी न झालेल्या, बाळंतपणात कुणीतरी खेकसल्यामुळे दवाखान्याचा धसका घेतलेल्या, अंगमेहनतीचा रोज बुडवणं न परवडणाऱ्या, अपंग असलेल्या, या बायकांकडे आपणच जायचं. त्यांच्यापर्यंत पोचायला आधी तपासणी करून आलेली त्यांच्यातलीच एखादी बाई सोबत असेल तर तुमचं अर्धं बोलणं वाचतं.

कुणाला या तपासणीला पाठवायचं नाही, हेही माहीत हवं. शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, अंगावरून वास येणारं पाणी सतत जाणं, यातलं काही असेल तर ती बाई थेट डॉक्टरांकडे गेली पाहिजे, पुढच्या शिबिराची वाट बघत बसता कामा नये. बाई गरोदर असेल तर आधी तसं सांगून विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी बाळंतपणानंतरची तारीख देतात. आणि "माझी पिशवी काढली आहे" असं कुणी म्हणालं तर कागद बघायला सांगा. कधी पिशवी काढतात पण तोंड ठेवतात, आणि तोंड असेल तर तपासणी लागते. नेमकं काय काढलं हे कित्येक जणींना कुणी सांगितलेलंच नसतं.

बोलायला बसल्यावर

चाळीस जणींची सभा विसरा. आठ-दहा जणी, गोल बसलेल्या, अर्धा-पाऊण तास. पुरुष आणि मोठी मुलं आसपास नसावीत.

सुरुवात हातांनी करा. उजव्या हाताची मूठ वळा आणि अंगठ्याचं टोक खाली काढा. मूठ म्हणजे गर्भाची पिशवी, बाळ नसताना ती साधारण एवढीच असते. अंगठ्याचं टोक म्हणजे तिचं तोंड. आता डाव्या हाताची सैल नळी करा आणि अंगठ्याचं टोक तिच्यात वरून घाला. ही नळी म्हणजे योनीमार्ग. सगळ्यांना तसं करायला सांगा. मग म्हणा, "आता नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघा. पिशवीचं तोंड हाताला साधारण असंच लागतं." इथे हमखास हसू फुटतं, आणि ते फुटू द्यायचं. हसल्यावर बायका विचारायला लागतात. योनी हा शब्द मी पहिल्या पाच मिनिटांतच दोन-तीनदा मोठ्याने उच्चारते. आपणच "खालचं", "तिकडचं" करत बसलो तर त्या कुठल्या तोंडाने विचारतील?

यानंतर कोरा, न वापरलेला प्लॅस्टिकचा स्पेक्युलम तुमच्या बॅगेतून काढा आणि हातोहात फिरवा. नुसता दाखवू नका, हातात द्या. एकदा एका वयस्क मावशींनी तो दोन-तीनदा उघडमीट करून बघितला आणि म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं कापतात की काय." शेजारच्या चौघी एकदम हसल्या, कारण त्यांनाही तेच वाटत होतं. हे त्या माझ्या पहिल्या सभेत कुणी बोललंच नसतं.

मग तपासणी क्रमाने सांगा, जशी होते तशी. लघवीला जाऊन यायचं. कमरेखालचे कपडे काढायचे, वर चादर असते. पाठीवर झोपून गुडघे मुडपायचे. स्पेक्युलम आत जाताना दाब जाणवतो, थंड लागतो. श्वास सोडत अंग सैल ठेवलं की सोपं जातं. नमुना घेताना चिमटा बसल्यासारखं किंवा पाळीत दुखतं तसं क्षणभर होऊ शकतं. व्हिनेगरने थोडं चुरचुरतं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. नंतर दिवसभर थोडासा डाग लागू शकतो. "अजिबात दुखत नाही" असं मात्र कधी सांगू नका. एकीला जरी दुखलं तरी तुमचा शब्द गेला, आणि तिच्या ओळखीतल्या दहा जणी गेल्या. त्याऐवजी हे सांगा की कुठल्याही क्षणी "थांबा" म्हणता येतं, आणि तसं म्हटल्यावर थांबलंच पाहिजे.

तुमच्याकडे एचपीव्हीसाठी स्वतः नमुना घ्यायची सोय असेल तर ती ठळकपणे सांगा. कापसाची काडी किंवा मऊ ब्रश योनीत काही सेंटिमीटर आत घालून सांगितलं तितकं फिरवायचा आणि नळीत ठेवायचा. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचावं लागत नाही. टेबलावर झोपायला ठाम नकार देणाऱ्या बायकाही याला तयार होतात. फक्त विषाणू सापडला तर पुढे तपासून घ्यायला जावं लागेल, हे काडी हातात देण्याआधीच सांगा. नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

कॅन्सरग्रस्त अवयवाचे भडक फोटो दाखवण्याच्या मी साफ विरोधात आहे. घाबरलेली बाई तपासणीला येत नाही, ती विषय टाळते.

हे प्रश्न येणारच

"मला काही त्रास नाही, मग कशाला?" याचं उत्तर सोपं आहे: त्रास नसतो तेव्हाच ही तपासणी करायची असते, कारण पेशी बदलत असताना काहीच दुखत नाही.

"पाळी गेली, आता काय?" पाळी गेली तरी तोंड जागेवर आहे. व्हिनेगरची तपासणी मात्र पाळी गेल्यावर भरवशाची राहत नाही, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. तिथे एचपीव्ही किंवा पॅप.

"मुलीने लस घेतली आहे." उत्तम. पण लस सगळ्या प्रकारांवर नसते, तेव्हा वय झालं की तिलाही तपासणी लागेल.

"आणि निघालंच तर?" हा प्रश्न बऱ्याचदा कुणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून तुम्हीच काढा. विषाणू सापडणं म्हणजे कॅन्सर नव्हे. सापडलेल्यांपैकी बहुतेकींना कॅन्सर नसतो. काहींना उपचार लागतात, काहींना फक्त ठरावीक काळाने पुन्हा तपासणी.

सगळ्यात अवघड प्रश्न सभेत येत नाही, तो बाहेर, चपला घालताना येतो. एकीने मला अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "म्हणजे ह्यांचं बाहेर काही आहे का?" याचं उत्तर आधी तयार ठेवा, कारण त्या दारात उभं राहून सुचत नाही. मी म्हणते: हा विषाणू इतका सर्रास असतो की एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढलेल्यांनाही होतो. तो कधी आला हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. वीस वर्षांपूर्वी आलेला आज दिसू शकतो, तुमच्याकडून किंवा त्यांच्याकडून, लग्नाच्याही आधीचा. तेव्हा यावरून कुणावर बोट ठेवता येत नाही. हे ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "हे घरी तुम्हीच सांगाल का?" मी गेले. तिच्या परवानगीने, आणि ती समोर असताना.

तारीख घेतल्याशिवाय उठू नका

"बघू" म्हणजे नाही, एवढं धरून चाला. बोलणं संपल्यावर प्रत्येकीला वेगळं विचारा: कोणता दिवस जमेल? पाळीचे दिवस सोडून तारीख काढा. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध नको, योनीत औषध किंवा पाण्याचा फवारा नको, हे चिठ्ठीवर लिहून द्या. मुलांना कोण सांभाळेल, कामावर काय सांगायचं, येणार कशा, हे तिथेच बोलून घ्या. दोघी-तिघींना एकाच दिवशी जोडून दिलं तर एकमेकींच्या आधाराने येतात. आदल्या दिवशी फोन करा, आणि फोन घरातलं कुणीही उचलू शकतं हे लक्षात ठेवून, "उद्या भेटू" एवढंच बोला.

नको म्हणणाऱ्या बाईला तिच्या कारणासकट नको म्हणू द्या. कारण विचारा, वाद घालू नका. काही जणींच्या नकारामागे अत्याचाराचा अनुभव असतो आणि तो तुम्हाला सांगायला त्या बांधील नाहीत. स्वतः नमुना घेण्याचा पर्याय पुढे ठेवा आणि दार उघडं ठेवा.

निकालाचं काय

नव्या माणसांचं काम इथे ढिलं पडतं. तपासणी झाली की आपण सुटलो असं वाटतं. निकाल न मिळालेली तपासणी आणि न झालेली तपासणी यांत त्या बाईच्या दृष्टीने काही फरक नाही. उलट तिचा समज होतो, "काही कळवलं नाही म्हणजे ठीकच असणार." म्हणून प्रत्येकीला निकाल कळवायचा, चांगला असला तरी, आणि पुढची तपासणी कधी तेही सांगायचं.

दोष दिसला असेल तर फोनवर किंवा चारचौघांत सांगू नका. भेटून, बसून, पहिलं वाक्य हे: "कॅन्सर निघालेला नाही, पण अजून एकदा बघायला सांगितलं आहे." अर्थात, ते खरं असेल तरच. कॅन्सरचा संशय असेल तर डॉक्टरांनाच बोलू द्या, तुम्ही सोबत राहा. पुढे काय असू शकतं तेही सांगा: कोल्पोस्कोपी म्हणजे भिंगातून बघणं, बायोप्सी म्हणजे चिमूटभर तुकडा काढून तपासणं. आणि त्या दिवशी शक्य असेल तर बरोबर जा. माझ्या अनुभवात पहिल्यांदा टेबलावर जाणाऱ्या बाईपेक्षा दुसऱ्यांदा जाणाऱ्या बाईला सोबतीची गरज जास्त असते.

वही

सभेला किती जणी आल्या हा आकडा अहवालात छान दिसतो, पण त्यावरून काही कळत नाही. माझ्या वहीत पाच रकाने आहेत: बोलले, तारीख घेतली, तपासणी झाली, निकाल हातात दिला, उपचार लागले तर पूर्ण झाले. कुठल्या दोन रकान्यांमध्ये नावं गळतात ते बघितलं की आपलं कुठे चुकतं ते कळतं. तारीख घेऊनही आल्या नसतील तर बहुतेक वेळ किंवा जागा अडचणीची असते. निकाल पोचत नसतील तर केंद्राशी बोलायला हवं. वही कुलपात ठेवा. नावांऐवजी क्रमांक घाला आणि क्रमांकांची यादी वेगळीकडे ठेवा.

मागाहून मी सहावा रकाना वाढवला, पुढच्या तपासणीच्या वर्षाचा. तो भरताना पेन्सिल वापरत जा. बायका घर बदलतात, नंबर बदलतात, आणि पाच वर्षांनी ती वही दुसऱ्याच कुणाच्या हातात असू शकते.